नाक नुसतं दिसायला

आमच्या मामंजींचा आवाज किती मोठा व्हता म्हनून सांगू! सासरं माझं, महिपती नाव त्यांचं. आमच्या बेडसे गावच्या रानात हुबं ऱ्हाऊन त्यांनी आपल्या बैलाला थांब म्हनलं, की शेजारच्या बांधावरलं बैलबी थांबायचं. चैतात भैरोबाच्या जत्रंला घाटावर बैलगाडं पळायचं. घाट म्हंजी गाडं पळवायची चढाची वाट. तितं उंच दगडावर हुबं ऱ्हाऊन, कुनाचा गाडा सुटला, कुनाचा पुढं आला, ह्यो पुकारा करायचा मान मामंजींचा. कर्णा-बिर्णा काय नव्हता तवा गावात, अन् लागतबी नव्हता.

घरातबी तीच तऱ्हा. च्या पायजे, हाळी. जोडा सापडंना, हाळी. मी नवी नवरी आले तवा मला वाटायचं, ह्यो मानूस माझ्यावर कायमचा चिडलाय. मग येक दिवस देव्हाऱ्याम्होरं बसून देवाशीबी तसंच वरडून बोलताना ऐकलं, तवा कुटं माझा जीव भांड्यात पडला.

पानशेत फुटलं, पुन्यात पूर आला, त्या सालात त्यांचा आवाज बसला. आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूबाई शालूबाईंनी, हळद चाटवली, जेष्ठमध दिला, अडुळशाचा काढा पाजला. दिवाळीपतुर आवाजाची नुसती खरखर ऱ्हायली. येक दिवस थुंकीत रगत दिसलं. मग आमच्या ह्यांनी त्यांना मुंबईला न्हेलं. ह्यांचं नाव मी घेत न्हाई, गावात इचारा, कुनीबी विठ्ठल म्हनून सांगंल. संगं आत्याबाई अन् रांधायला मी.

मोठ्या डागदरानं नळी घालून घसा बघितला अन् सांगितलं, "घशात कॅन्सर आहे. आवाजाची पेटी काढावी लागेल."

मामंजींनी खरखरत इचारलं, "म्हंजी मला वरडाया येनार न्हाई?"

"ओरडणं जाईल. पण तुम्ही जगाल."

मामंजींनी जरा इचार केला. म्हनलं, "मग माझी सून लय खूश व्हनार."

मी पदराआड हसले अन् मग तितंच भिताडाला टेकून रडले. त्या आवाजातलं त्यांचं त्ये शेवटचं बोलनं.

आपरेशन झालं. गळ्याला म्होरं भोक, भोकात चांदीसारखी नळी, अन् त्या नळीत अजून येक बारीक नळी. दम समदा तितनं. आतली नळी काढून धुयाची अन् पुन्हा बसवायची, बाहेरलीला हात लावायचा न्हाई. तितली सिस्टरबाई गोव्याकडची, ठेंगनी अन् कडक. तिनं आत्याबाईंस्नी म्होरं घेतलं. आत्याबाईंनी नळी बघितली अन् डोळं गच्च मिटलं. "माझ्यानं न्हाई व्हायचं गं माय."

"मग तू ये," सिस्टर मला म्हनली.

"मी सून हाय," मी पदराआडनं बोलले.

"सून असली तरी हात आहेत ना?"

आता ह्या बाईला कसं सांगावं? आमच्यात सून सासऱ्याम्होरं चपला हातात घेऊन जाती. पदर हनुवटीपतुर. तोंडाला तोंड देऊन बोलत न्हाई, अन् शिवायचं तर नावच नको. सिस्टरला समजंना, पर तिनं वाट काढली. पेटीतनं दुसरी नळी आनून माझ्या हातात दिली. बारका खटका फिरवायचा, आतली नळी सुटती. उकळत्या पान्यात घालायची, फडक्याची पट्टी आरपार वढायची. मी तिच्याम्होरं इतक्या बारी केलं, की अखेर तीच कटाळली.

मग ती आमा दोघींच्या म्होरं बोट नाचवून म्हनली, "नीट ऐका. ह्यांचं नाक आता नुसतं दिसायला. श्वास ह्या भोकातून. भोकावर कायम पातळ ओलं फडकं, म्हणजे धूळ जाणार नाही. शिट्टीसारखा आवाज आला, छाती आत ओढली जायला लागली, ओठ काळे पडले, तर पहिल्यांदा आतली नळी काढायची. मग मिठाच्या उकळलेल्या पाण्याचे दोन थेंब, आणि खोकू द्यायचं. आधी हे, मग दवाखाना. आणि ताप आला किंवा रक्त आलं तर घरात वाट बघत बसायचं नाही."

"व्हय बाई," आत्याबाई म्हनल्या. डोळं अजून मिटलेलंच.

गावी आलो तर भाताच्या रोपासाठी राब भाजायचं दिवस. तुकड्यावर शेन पसरायचं, वर झाडाच्या फांद्या, वर गवत, वर बारीक माती, अन् पेटवून द्यायचं. डोक्यावर फांद्याचं भारं घेऊन डोंगर उतरताना मान मोडती, अन् पेटवल्यावर धुरानं डोळं फुटत्यात. मामंजींस्नी धुरापासनं लांब ठेवायचं व्हतं. म्हनून वाऱ्याच्या वरल्या अंगाला, बांधावर घोंगडी टाकून त्यांस्नी बसवलं. गळ्याला ओलं फडकं, हातात काठी, शेजारी खड्यांचा ढीग.

खडं कशाला? हाळी गेली ना! घरात टाळी वाजवायचं. येक टाळी म्हंजी च्या. रानात टाळी ऐकू येत न्हाई, तितं खडा. येक खडा मारला तर पानी द्या. दोन खडं लागोपाठ आलं तर असंल तसं टाकून धावा, जाळ बांधावर गेलाय. नेम असा, की आमच्या ह्यांच्या पाठीवर बरोबर मधोमध बसायचा.

"आबा, आवाज व्हता तवा बरं व्हतं," ह्ये पाठ चोळत म्हनायचं. "कानच दुखायचं नुसतं!"

मामंजी हसायचं. हसनं गळ्यातनं फुसफुस बाहेर यायचं.

नळीचं काम आमी वाटून घेतलं व्हतं. सकाळी मामंजी आरसा घेऊन बसायचं, आपली आपन आतली नळी काढायचं. आत्याबाई ती ताटलीत घेऊन, तोंड फिरवून, उंबऱ्यावर आनून ठेवायच्या. मी चुलीवर उकळायची, पट्टी वढायची, झाली चकचकीत की पुन्हा उंबऱ्यावर. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर ओसरीवर मामंजी. पर त्यांचा दम कसा चाललाय, मला सैपाकघरातनं कळायचा. सुका झाला की सूं सूं वाजायचा. मग मी आत्याबाईंस्नी मिठाच्या पान्याची बाटली दावायची.

आनि येक गंमत सांगते. मामंजी गोठ्यात जाऊन ढेकरा द्यायचं. येकामागं येक, लांबलचक. आत्याबाईंस्नी वाटलं पित्त झालंय, त्यांनी ओवा सुरू केला. मग ह्यांनी सांगितलं, मुंबईच्या डागदरानं शिकवलंय: वारा गिळायचा, ढेकर आनायची, अन् ढेकरेतनं बोलायचं. प, ब, ट असली अक्षरं आधी येत्यात. मामंजी पाखऱ्या बैलाम्होरं बसून "पा... पा..." करायचं. पाखऱ्या रवंथ थांबवून बघायचा. आमी कुनी गेलो की मामंजी गप.

लाजायचं ते. गावानं लाजवलंबी व्हतं. च्याच्या दुकानात त्यांचा कप येगळा काढून ठेवला. कुनी म्हनायचं, त्यांचा वारा लागतो. सोपान नावाचा येक वात्रट गडी पारावर मान वर करून सूं सूं करून दावायचा अन् लोकं हसायची. त्याच सोपानला जत्रंचा पुकारा दिला पंचांनी. मामंजींनी ऐकलं, अन् त्या रात्री जेवले न्हाईत.

पर आमच्या गावचं पाटील, रखमाजी पाटील, मानूस तोंडाचा फाटका अन् मनाचा भला. त्यो स्वतः घरी आला. "महिपती, पुकारा न्हाई तर न्हाई. निशान तू धर. गाडा आला की निशान वर. त्याला काय घसा लागत न्हाई."

मामंजींच्या डोळ्यांत पानी आलं. टाळी वाजली. मी च्या ठेवला.

जत्रंच्या दिवशी मामंजी नटलं. नवं धोतर, लाल फेटा, कपाळाला गुलाल. आत्याबाई ओलं फडकं घेऊन मागं लागल्या. "बांधा की व! आज गुलाल उधळत्यात."

मामंजींनी हात झटकला. सगळ्या मावळाम्होरं गळ्यात चिंधी बांधून हुबं ऱ्हायचं? छट्! फेटा नीट केला अन् निघालं. आत्याबाई चिडल्या. "मरा तिकडं!" म्हनल्या, अन् मिठाच्या पान्याची बाटली तेवढी कनवटीला खोचली. मी सकाळीच उकळून ठेवली व्हती.

घाटावर मानूस मावत नव्हतं. गडी घाटाच्या दोन्ही अंगाला, आमी बाया खाली आंब्याच्या सावलीत. हलगी कडाडत व्हती. सोपान दगडावर चढून घसा फोडत व्हता, पर त्याची हाळी आमच्यापतुर निम्मीच यायची. "आमच्या धन्याची सर न्हाई," आत्याबाई म्हनल्या, अन् जरा राग निवला त्यांचा. वर टोकाला मामंजी निशान घेऊन ताठ हुबं. गाडा आला की निशान असं सपकन वर जायचं, की बघत ऱ्हावं.

दुपारी आमच्याच गावचा गाडा पयला आला. मग काय, रान पेटलं! पोती फोडली गुलालाची. गाड्यावर, बैलावर, देवावर, निशानवाल्यावर. वरलं टोक लाल धुरात दिसंनासं झालं.

धूर बसला, तर मामंजी गुडघ्यावर व्हतं. निशान पडलेलं. हात गळ्याला.

कुनीतरी वरडलं, "देव आला! महिपतीच्या अंगात भैरोबा आला!"

झालं! हलगी अजून जोरात. मामंजींचं अंग हालतंय, डोळं फिरलेत, छाती वरखाली. अंगात आल्यावर मानूस असाच दिसतो, लोकांचं तरी काय चुकलं? पर त्यांनी काय करावं? देवावर उधळायचा म्हनून अजून मुठी मुठी गुलाल त्यांच्यावरच.

तेवढ्यात वरनं आंब्याच्या बुंध्यावर खाटकन खडा बसला. लगी दुसरा, माझ्या पायाशी.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. "नंदे, दोन! दोन खडं!"

आमचं ह्ये बैलास्नी पाजायला वढ्यावर गेलेलं, मी वर कशी जाऊ? तितं समदी गडीमानसं, गावचं पंच, पावनं, माझ्या माहेरचीबी. आत्याबाईंनी बाटली माझ्या मुठीत कोंबली. "मला जवळचं दिसत न्हाई, माझं गुडघं चालत न्हाईत. जा पोरी! पळ!"

पळाले. चपला कुटं गेल्या, ठावं न्हाई. पदर खांद्यावर आला, मग कंबरंला आला, तिथंच खोचला.

वर पोचले तर रखमाजी पाटील हात जोडून मामंजींम्होरं वाकलेलं. "देवा, काय चुकलं आमचं? बोल! औंदा पाऊस कसा?"

"पाटील, बोलंल कसा? त्याची पेटी काढलीया," येकजन म्हनला.

"देवाला पेटी लागती व्हय?" दुसरा म्हनला.

सोपान दगडावरनं उतरून आला व्हता. "आरं देव कुटला, फीट हाय ही! कांदा आना! धरा त्याला!" दोघांनी मामंजींचं हात मागं धरलं. कुनी कांदा फोडून नाकात कोंबाया लागला. मामंजी बिचारं नळीपतुर हात न्यायला बघत्यात, अन् ह्ये त्यांचं हात सोडंनात. ओठ जांभळाच्या रंगाचं. गळ्याखालचा खळगा आत वढतोय. नळीच्या तोंडाला गुलालाचा लाल चिखल.

"सोडा!" मी वरडले. कुटनं आली ती हाळी, देवच जाने. "नाकाला कांदा काय लावताय? त्यांचं नाक नुसतं दिसायला हाय! दम गळ्यातनं घेत्यात ते! सोडा म्हनते ना!"

हलगी थांबली. समदी माझ्याकडं बघाया लागली. सून. डोईवर पदर न्हाई.

मी मामंजींच्या म्होरं बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अन् मान वर केली. पुढं केला गळा माझ्याम्होरं. मग मीबी मागं बघितलं न्हाई. डाव्या हातानं बाहेरली नळी दाबून धरली, उजव्यानं खटका फिरवला. हात गुलालानं बुळबुळीत, पयल्यांदा निसटला. पदराला पुसला, पुन्हा फिरवला. नळी सुटली. आत बेडका अन् गुलाल मिळून गच्च बूच बसलेलं. तरीबी दम येईना, थोडं घान खालीबी गेलेलं. दातानं बाटलीचं बूच काढलं, दोन थेंब भोकात सोडलं.

"खोका, मामंजी! खोका!"

पयल्यांदाच त्यांच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलले मी. मामंजींनी अंगात असंल नसंल ते बळ लावलं, अन् फाटकन लाल गोळा बाहेर आला. तो बसला नीट रखमाजी पाटलाच्या कोऱ्या फेट्यावर.

मग जो दम घेतला त्यांनी! भोकातनं हूऽऽ करून वारा आत गेला. पुन्हा. पुन्हा. ओठाचा रंग बदलला. पाटील फेट्याला हात लावून बघत म्हनला, "परसाद दिला रं महिपतीनं!" अन् सगळा घाट हसला. मी मात्र तितंच बसून हुंदके द्यायला लागले. हसूबी येत व्हतं, काय करनार?

पर सिस्टरचं म्हननं माझ्या ध्यानात व्हतं. आधी हे, मग दवाखाना. ह्यांनी छकडा जुपला, कामशेतला गाडी धरली, दिवस मावळायच्या आत तळेगावला पोचलो. डागदरानं बाहेरली नळी काढून धुतली, छातीला नळ्या लावून ऐकलं, सुया दिल्या. म्हनलं, "छातीत गुलाल गेलाय, ताप येऊ शकतो. दोन दिवस इथंच ठेवा." ताप आलाच. पर दवाखान्यात व्हते म्हनून लवकर उतरला. मामंजींस्नी सुईची लय भ्या. टाळ्या वाजवून वाजवून नर्सला पळवून लावायचं.

घरी आनलं, त्या सांजंला ओसरीवर मानसं जमली. रखमाजी पाटील आला. सोपान आला, कोपऱ्यात खाली मान घालून बसला. मामंजींची बहीण कस्तुराबाई वाकसईवरनं आली व्हती. मी आत, उंबऱ्याच्या अलीकडं, पदर हनुवटीपतुर वढून नळी उकळत व्हते.

कस्तुराबाई मला ऐकू यील अशी बोलली. "जीव वाचला, चांगलं झालं. पर लोकं बोलत्यात, शालू. भर घाटात सासऱ्याचा गळा धरला. बोडक्या डोईनं. आमच्या घरान्यात असं कवा झालं न्हाई. तिला समज दे."

आत्याबाई सुपातलं तांदूळ निवडत ऱ्हायल्या. पाटीलबी खाली बघाया लागला. माझ्या हातनं ताटली वाजली. खरं सांगते, मरनाच्या दारातनं मानूस मागं आनलं त्याचं मला काय वाटत नव्हतं. मामंजींस्नी काय वाटतंय, त्येवढ्यावरच माझा जीव टांगला व्हता. त्यांनी तोंड फिरवलं असतं, तर ह्या घरात मी कशी वावरले असते?

टाळी वाजली. येक.

"च्या आनते," मी म्हनले.

मामंजींनी न्हाई म्हनून मान हालवली. बोटानं मला बोलवलं. मी ताटलीत नळी घेऊन उंबऱ्यापतुर आले, थांबले. पदर अजून खाली वढला.

मामंजींनी गिळलं. काय तरी मोठं गिळल्यागत गिळलं. पोटातनं येक भली मोठी ढेकर आली. कस्तुराबाईनं नाक मुरडलं. त्यांनी पुन्हा गिळलं. मान ताणली, डोळं वटारलं, समद्यांम्होरं, जसं गोठ्यात पाखऱ्याम्होरं करायचं तसं.

"पदर," मामंजी म्हनलं.

आवाज कसला, घागरीत बेडूक वरडावा तसा. पर शबुद सपष्ट. आत्याबाईंच्या हातातलं सूप पडलं. कस्तुराबाई म्हनली, "बघ! त्यालाबी लागलंच की मनाला." मी पदर पार गळ्यापतुर वढला, डोळ्यांम्होरं अंधार झाला.

मामंजींनी हात उगारून बहिणीला गप केलं. पुन्हा वारा गिळला. ह्या खेपंला ढेकर लवकर आली.

"पुरे."

मला कळंना. त्यांनी माझ्या डोईकडं बोट केलं, अन् दोन्ही शबुद जोडून, समद्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हनलं, "पदर पुरे."

सोपाननं पयली टाळी वाजवली. मग पाटलानं. कस्तुराबाई तोंडावर हात घेऊन बसली, अन् आत्याबाई रडता रडता म्हनल्या, "आता आली का पंचाईत! पुन्हा वरडाया लागनार हा मानूस!"

मी पदर खांद्यावर घेतला. ताटली उचलली, उंबरा वलांडला अन् मामंजींच्या म्होरं जाऊन बसले. त्यांनी मान वर केली, अन् नळी बसवली मी.